ईम गावचे पाळक रेव्ह. विल्यम मॉम्पेसन

मोठ्या शहरांतील मंडळ्यांचे इतिहास लिहिले जातात, छापले जातात, शताब्दीच्या दिवशी वाचलेही जातात. खेड्यातल्या मंडळीचा इतिहास मात्र बहुधा देवळाच्या कपाटातील जुन्या नोंदवहीतच राहतो. अमक्याच्या मुलाचा बाप्तिस्मा, तमक्याच्या मुलीचे लग्न, कोणा वृद्धाचे दफन, एवढ्या तीन गोष्टींत पिढ्यान्‌पिढ्या येतात आणि जातात. इंग्लंडच्या डार्बीशायर परगण्यात ईम नावाचे एक डोंगराळ खेडे आहे. तेथील मृत्यूंच्या नोंदीही एरवी अशाच राहिल्या असत्या. पण सप्टेंबर १६६५ ते नोव्हेंबर १६६६ या चौदा महिन्यांत त्या नोंदींत जी नावे आली, त्यांच्यामुळे दूरदूरचे लोक आजही त्या गावाची वाट धरतात.

त्या काळी ईमचे पाळक होते रेव्ह. विल्यम मॉम्पेसन. इंग्लंडमध्ये त्यांची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही सांगतात. त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवताना एक गोष्ट आरंभीच सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते. केवळ एका माणसाचे चरित्र म्हणून ही हकीकत सांगितली, तर ती अर्धीच राहील. मॉम्पेसन यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला दुसरा एक पाळक, आणि त्या दोघांचे ऐकून गावातच राहिलेली साधी कुटुंबे, ही सारी मिळून ती पुरी होते.

दुभंगलेली मंडळी

मॉम्पेसन यांचा जन्म सुमारे १६३९ साली यॉर्कशायरमध्ये झाला. केंब्रिज विद्यापीठातील पीटरहाऊस या कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतर सर जॉर्ज सॅव्हिल या सरदाराचा त्यांना आश्रय मिळाला, आणि १६६४ साली ते ईमच्या देवळाचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, म्हणून आले. वय जेमतेम पंचवीस. बरोबर पत्नी कॅथरिन आणि जॉर्ज व एलिझाबेथ ही दोन लहान मुले.

गाव डोंगरउतारावर वसलेले. शिशाच्या खाणीत काम करावे, मेंढ्या राखाव्या, थोडीबहुत शेती करावी, असे तेथील लोकांचे जीवन. गावात सुमारे साडेतीनशे माणसे होती असे पूर्वी समजत. त्या काळी घरातील चुलींच्या संख्येवर सरकारी कर असे. त्या कराच्या याद्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा वस्ती सातशेच्या आसपास असावी असे दिसून आले. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढेच ते गाव.

नव्या पाळकाला हे गाव सोपे नव्हते. १६४२ साली इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले होते, आणि त्या भांडणाचे पडसाद लहानशा देवळापर्यंत पोहोचले होते. शेरलँड अ‍ॅडम्स हे रेक्टर राजाच्या पक्षाचे. त्यांना दूर करून १६४४ साली थॉमस स्टॅन्ली नावाचे प्यूरिटन पाळक ईमला नेमले गेले. साधी राहणी, कळकळीचा उपदेश आणि घरोघरची ये-जा यांमुळे स्टॅन्ली लोकांना फार प्रिय झाले. पुढे १६६० साली राजसत्ता परत आली, तशी अ‍ॅडम्स यांची जागाही त्यांना परत मिळाली. १६६२ साली नवा कायदा झाला. नव्या प्रार्थनापुस्तकातील सर्व गोष्टींना जो पाळक संमती देणार नाही, त्याने पद सोडावे असे त्यात ठरले. इंग्लंडभर सुमारे दोन हजार पाळकांनी आपल्या विवेकाला स्मरून पदे सोडली. स्टॅन्ली त्यांपैकीच एक. देऊळ गेले, मिळकत गेली, पण ईमच्या माणसांशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही.

१६६४ साली अ‍ॅडम्स वारले आणि मॉम्पेसन आले. तरुण, परगावचे, सरदाराच्या ओळखीने आलेले, आणि ज्या प्रार्थनापुस्तकापायी स्टॅन्ली यांना जावे लागले तेच पुस्तक हाती घेऊन उभे राहणारे. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे मंडळीचा अनुभव असलेल्या वाचकांना सांगावयास नको. जुन्या पाळकावर जीव जडलेल्या मंडळीत नवा पाळक येतो, तेव्हा पहिली काही वर्षे तो व्यासपीठावर असतो, पण लोकांच्या मनात नसतो.

शिंप्याच्या घरी आलेले कापड

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडन शहरात प्लेगने हजारो माणसे मरत होती. ईम लंडनपासून फार दूर. पण ऑगस्टच्या अखेरीस अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाची पेटी आली. कापड दमट होते. त्या घरी राहून शिंपीकाम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्स याने ते शेकोटीपुढे सुकत घातले. कापडात प्लेगचे विष घेऊन आलेल्या पिसवा होत्या, असे आज मानले जाते. थोड्याच दिवसांत व्हिकर्सला ताप भरला, गाठी आल्या, आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाले.

त्या घरची गृहिणी मेरी हिला पहिल्या नवऱ्यापासून दोन मुले होती, एडवर्ड आणि जोनाथन कूपर. सप्टेंबर संपण्यापूर्वी एडवर्ड गेला, ऑक्टोबर लागताच जोनाथन गेला. मग शेजारचे हॉक्सवर्थ, थॉर्प, सिडॉल. भिंतीला भिंत लागलेल्या घरांतून मरण पुढे सरकत गेले. थॉर्प कुटुंबातील नऊ माणसे या साथीत गेली. सिडॉल यांच्या घरी बाप आणि एकामागून एक मुले गेली. ऑक्टोबर महिन्यात वीसहून अधिक दफने झाली. थंडी वाढली तसे मरण थोडे मंदावले, पण एकही महिना रिकामा गेला नाही.

वसंत ऋतू आला. मे महिन्यात मृत्यू अगदी थोडे झाले आणि लोकांना वाटले, संकट टळले. ती आशा खोटी ठरली. जून लागला आणि साथ पुन्हा भडकली. ज्यांना बाहेर सोय होती अशी काही सधन घराणी आधीच गाव सोडून गेली होती. आता उरलेल्या लोकांचीही पळण्याची तयारी सुरू झाली. जवळच स्टोनी मिडलटन, थोड्या अंतरावर बेकवेल, आणि पलीकडे शेफील्डसारखे मोठे गाव. ईमची माणसे तिकडे गेली असती, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

दोन पाळक एकत्र येतात

या वेळी मॉम्पेसन यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो केवळ धैर्याचा नव्हता. गाव बंद करावे, कोणी बाहेर जाऊ नये, हे त्यांना दिसत होते. पण ते सांगायचे कोणी? दोन वर्षांपूर्वी आलेल्या पाळकाने लोकांना मरणाच्या दारात थांबण्यास सांगितले असते, तर किती जणांनी ऐकले असते?

मॉम्पेसन स्टॅन्ली यांच्याकडे वळले. या एका कृतीत किती नम्रता होती हे कळण्यासाठी त्या काळचा कायदा ध्यानात घेतला पाहिजे. ऑक्टोबर १६६५ मध्ये, म्हणजे ईममध्ये पहिली मढी निघत असतानाच, पार्लमेंटने आणखी एक कायदा केला होता. पद सोडलेल्या पाळकाने आपल्या पूर्वीच्या गावापासून पाच मैलांच्या आत राहता कामा नये, असा तो कायदा. त्या हिशेबाने स्टॅन्ली यांचे ईममध्ये असणेच गुन्हा होता. मॉम्पेसन यांनी एक चिठ्ठी लिहिली असती, तर हा प्रतिस्पर्धी कायमचा दूर झाला असता. त्यांनी त्यांना सल्लामसलतीला घेतले.

स्टॅन्ली यांची बाजूही तेवढीच मोठी आहे. ज्या व्यवस्थेने आपली भाकर काढून घेतली, तिच्या माणसाला मदत का करावी, असे त्यांनी म्हटले असते तर त्यांना दोष कोणी दिला असता? पण त्यांनी आपला मान बाजूला ठेवला आणि मंडळी पाहिली. प्रार्थनापुस्तकाविषयीचा त्या दोघांचा मतभेद मिटला नव्हता, पुढेही मिटला नाही. पण मतभेद जागच्या जागी ठेवून एका कामाला दोन हात लावता येतात, हे त्या दोघांनी ओळखले.

दोघांनी मिळून जून १६६६ मध्ये गावासमोर तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, यापुढे देवळाच्या आवारात दफन होणार नाही. प्रत्येक घराने आपले मृत आपल्याच शेतात किंवा परसात लवकरात लवकर पुरावे. दुसरी, देऊळ बंद राहील, आणि उपासना गावाजवळच्या कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर होईल. तेथे कुटुंबांनी एकमेकांपासून अंतर ठेवून उभे राहावे. तिसरी आणि सर्वांत कठीण, गावाच्या ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर कोणी पाऊल टाकू नये, आणि बाहेरच्यांनी आत येऊ नये.

लोकांनी ते मान्य केले. जुन्या पाळकावरचा विश्वास आणि नव्या पाळकाचा निश्चय एकत्र आला, म्हणून ते मान्य झाले असे आम्हाला वाटते. दोघांपैकी कोणी एकटा असता, तर हे घडणे कठीण होते.

हद्दीवरचा दगड

गाव बंद झाले, पण पोटाचे काय? काही मैलांवर चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरचे अर्ल राहत असत. त्यांनी अन्न व औषधे पुरवण्याची व्यवस्था केली. आसपासच्या गावांतील लोकही गावाच्या सीमेवर सामान ठेवून जात. ईमचे लोक मागाहून येऊन ते उचलत आणि मोबदल्याची नाणी तेथेच ठेवत. नाण्यांबरोबर रोग जाऊ नये म्हणून ती वाहत्या पाण्यात किंवा दगडातील खळग्यांत ओतलेल्या व्हिनेगरमध्ये टाकीत. खळगे असलेला तो दगड ईम आणि स्टोनी मिडलटन यांच्या मधल्या वाटेवर आजही आहे. गावाच्या वरच्या अंगाला जो झरा या देवघेवीसाठी वापरीत, त्याला मॉम्पेसन यांचेच नाव पडले आहे.

याच हद्दीशी एक लोककथा जोडलेली आहे. एमट सिडॉल नावाच्या मुलीचे स्टोनी मिडलटनच्या रोलंड टोर या तरुणाशी लग्न ठरले होते. गावबंदीच्या आधीपासूनच दोघे दुरूनच एकमेकांना पाहत, जवळ येत नसत. एप्रिल १६६६ च्या अखेरीस ती यायची थांबली. साथ संपल्यावर गावात शिरणाऱ्या पहिल्या माणसांत रोलंड होता, आणि तेव्हा त्याला ती गेल्याचे कळले, असे जुनी माणसे सांगत. एमटचा मृत्यू ही नोंदीतली गोष्ट, बाकीची लोकांच्या आठवणीतली. विल्यम वुड या ईमच्याच रहिवाशाने १८४२ साली गावाचा इतिहास छापला, त्यात अशा पुष्कळ आठवणी गोळा केलेल्या आहेत.

त्या आठवणींत मार्शल हाऊ हा एक धिप्पाड माणूस आहे. तो आजारातून उठला होता, म्हणून आपल्याला पुन्हा रोग होणार नाही असे त्याला वाटे. ज्या घरात पुरायला कोणी उरले नसेल, तेथे तो जाई, प्रेत पुरी आणि मजुरी म्हणून घरातले सामान उचली. त्याच सामानातून रोग आपल्या घरी आला असे मानून पुढे तो हळहळत राहिला, कारण त्याची स्वतःची बायको आणि मुलगा याच साथीत गेले. गाव संतांचे नव्हते. लोभी माणसे होती, भित्री होती, आणि तरीही हद्द पाळली गेली.

रायलीच्या माळावर

जुलै महिन्यात पन्नासहून अधिक माणसे गेली, ऑगस्टमध्ये सत्तराहून अधिक. गावाबाहेर रायली नावाच्या उंच माळावर टॅल्बट आणि हॅनकॉक या दोन कुटुंबांची शेते होती. जुलैमध्ये टॅल्बट कुटुंब ओस पडले. ऑगस्टच्या ३ तारखेपासून हॅनकॉक कुटुंबात सुरुवात झाली. ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉक हिने आपला नवरा आणि सहा मुले गमावली. मदतीला कोणी येणे शक्य नव्हते. तिने स्वतः खड्डे खणले, आणि प्रेताला हात लागू नये म्हणून पायांना कापड बांधून एकेक देह ओढत नेला. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनचे लोक हे पाहत होते, पण येऊ शकत नव्हते, असे सांगतात. तिचा एक मुलगा शेफील्डला धंदा शिकायला गेला होता, तेवढा वाचला. पुढे ती त्याच्याकडे जाऊन राहिली. रायलीच्या माळावर दगडी कुंपणाच्या आत त्या सात जणांच्या नावांचे दगड आजही आहेत.

एलिझाबेथ हॅनकॉक हिने कोणते पत्र लिहिले नाही, उपदेश केला नाही. तिला पळून जायला वाट मोकळी होती, माळावर पहारा नव्हता. ती गेली नाही. ईमचे मोठेपण कोठे होते असे कोणी विचारले, तर आम्ही या शेताकडे बोट दाखवू.

कॅथरिनबाई

येथे मॉम्पेसन यांच्या चरित्रातील एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. गाव बंद होण्यापूर्वी त्यांनी आपली दोन्ही मुले यॉर्कशायरला नातलगांकडे पाठवून दिली होती. कॅथरिनबाईंनी आधी नवऱ्याला विनवले की, आपण सर्वच जाऊ या. ते कबूल झाले नाहीत. मग त्यांनी पत्नीला मुलांबरोबर जाण्याचा आग्रह केला. तिनेही नकार दिला. मुले गेली, आईबाप राहिले.

इतरांची मुले गावात राहिली आणि पाळकाची मुले बाहेर गेली, हे योग्य होते का? हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आहे, आणि तो विचारण्याजोगा आहे. रायलीच्या आईला ही सोय नव्हती. आम्ही त्यावर पांघरूण घालू इच्छीत नाही. बाप म्हणून त्यांनी जे केले ते आपल्यापैकी पुष्कळांनी केले असते. परंतु ज्याने लोकांना थांबायला सांगायचे, त्याच्या मनाला ही गोष्ट किती टोचली असेल, हेही आपण समजू शकतो. एवढे मात्र खरे की, त्यांनी स्वतःला आणि पत्नीला वगळले नाही.

उन्हाळाभर कॅथरिनबाई घरोघर आजाऱ्यांकडे जात राहिल्या. ऑगस्टच्या एका संध्याकाळी नवऱ्याबरोबर शेतातून फिरत असता, हवेला गोड वास येतो आहे असे त्या म्हणाल्या. अशा वासाचा भास हे प्लेगचे लक्षण, अशी तेव्हा समजूत होती. मॉम्पेसन मनात चरकले. २५ ऑगस्ट १६६६ रोजी कॅथरिनबाईंना देवाज्ञा झाली. वय अवघे सत्तावीस होते असे सांगतात.

त्यानंतर मॉम्पेसन यांनी लिहिलेली पत्रे उरली आहेत. एक मुलांना आहे. त्यात आई गेल्याची बातमी बापाने फार जपून सांगितली आहे. शेवटच्या दुखण्यात ती औषध घेईना. तेव्हा मुलांसाठी तरी घे असे त्यांनी म्हटले, आणि ती बळ एकवटून उठून बसली व औषध प्याली, हे त्यांनी मुलांना मुद्दाम कळवले. आईचे प्रेम मुलांना कायमचे आठवावे, एवढाच त्यात हेतू. दुसरे पत्र सर जॉर्ज सॅव्हिल यांना आहे. आता आपलीही पाळी आली असे समजून त्यांनी मुले त्यांच्या हवाली केली, आणि आपल्या मागे ईमला नम्र व देवभीरू पाळक द्यावा अशी विनंती केली. स्वतःचे मरण समोर असताना त्यांना दोनच काळज्या होत्या, आपली मुले आणि मंडळीची मुले.

मॉम्पेसन मात्र वाचले. त्यांच्या घरच्या नोकराला रोग झाला, पण तो बरा झाला. सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये साथ ओसरत गेली. १ नोव्हेंबर १६६६ रोजी अब्राहम मॉर्टन याचा मृत्यू झाला, तो शेवटचा. त्याच महिन्यात एका नातलगाला लिहिलेल्या पत्रात मॉम्पेसन यांनी हिशेब दिला आहे. ७६ घरांत रोग शिरला आणि २५९ माणसे गेली. आज आपण सुमारे २६० म्हणतो.

साथीनंतर

संकट सरल्यावर माणसांचे खरे रूप दिसते. ईममधील काही लोकांना स्टॅन्ली यांचे गावात असणे पुन्हा खुपू लागले. कायद्याप्रमाणे त्यांना घालवावे, अशी मागणी अर्लकडे गेली. ज्याने गावासाठी एवढे केले त्याला हाकलण्याऐवजी त्याचे उपकार मानावेत, अशा अर्थाचे उत्तर अर्लनी दिले असे सांगतात. स्टॅन्ली ईममध्येच राहिले आणि १६७० साली तेथेच वारले.

त्याच सुमारास मॉम्पेसन यांची नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग गावी नेमणूक झाली. तेथील लोक त्यांना घ्यायलाच तयार होईनात. प्लेगच्या गावातला पाळक आपल्याबरोबर रोग घेऊन येईल, ही त्यांची भीती. काही काळ त्यांना गावाबाहेर रफर्डच्या रानात झोपडीत राहावे लागले, आणि झाडाखाली उभे राहून उपदेश करावा लागला, असे तेथे सांगतात. इतरांना रोग लागू नये म्हणून ज्याने आपले गाव बंद करवले, त्याच्याच तोंडावर दुसऱ्या गावाने दार लावले. पुढे लोकांची भीती गेली आणि मॉम्पेसन तेथे अखेरपर्यंत राहिले. त्यांनी पुन्हा लग्न केले. लिंकनच्या मोठ्या देवळाचे डीनपद त्यांना देऊ केले असता त्यांनी ते एका मित्राकडे वळवले. १७०९ च्या मार्चमध्ये ते ईक्रिंग येथे वारले.

नव्या ज्ञानाच्या उजेडात

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याचा अभ्यास करताना १८९८ साली कराचीत फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी, तो उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे दाखवले. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या दिवसांत घरे सोडून माळावर झोपड्या घातल्या होत्या, त्यात मोठे शहाणपण होते. ईमचे लोक मात्र उंदीर असलेल्या आपल्या घरांतच राहिले. त्यामुळे गावातील मृत्यू वाढले असतील, असे काही अभ्यासकांचे मत आहे. उलट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईमच्या नोंदी गणिताने तपासल्या असता, सुमारे तीन चतुर्थांश लोकांना रोग दुसऱ्या माणसांकडूनच झाला असावा असे दिसले. तसे असेल, तर हद्द आखण्याचे मोल अधिकच वाढते. शेजारच्या गावांत ही साथ पसरली नाही, हे तर खरेच.

१६६६ च्या जूनमध्ये हे ज्ञान कोणालाच नव्हते. त्यांना एवढेच माहीत होते की, आपण गेलो तर आपल्याबरोबर मरण जाईल. २०२० साली कोरोनाच्या काळात आपलीही देवळे बंद होती, प्रभुभोजनाविना रविवार गेले, जिवलगांच्या दफनाला जाता आले नाही. तेव्हा जगात पुष्कळांना ईमची आठवण झाली. कक्लेट डेल्फच्या घळीत अंतर ठेवून उभ्या असलेल्या त्या मंडळीचे दुःख आता आपल्याला अधिक जवळून कळते.

आपणांसाठी

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक मिरवणुकीने कक्लेट डेल्फला जातात आणि तेथे उपासना करतात. देवळाच्या आवारात कॅथरिनबाईंची कबर आहे. जुन्या घरांवर त्या त्या घरातून गेलेल्यांची नावे लावलेली आहेत.

शब्बाथ शाळेत ही गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मुलांना शूर पाळकाची गोष्ट जरूर सांगावी. पण आधी दोन पाळकांची सांगावी. आपल्या मंडळ्यांत किती ठिकाणी जुन्या-नव्या पाळकांचे पक्ष पडलेले असतात, पंचांचे एकमेकांशी बोलणे बंद असते, एकाच आडनावाची दोन घरे दोन बाकांवर पाठ फिरवून बसतात! आपले भांडण प्रार्थनापुस्तकाएवढे मोठे तरी असते काय? मॉम्पेसन आणि स्टॅन्ली यांनी आधी सर्व मतभेद मिटवू, मग एकत्र येऊ असे ठरवले असते, तर ईमची हद्द कधीच आखली गेली नसती, आणि जवळपासच्या गावांनाही आपल्या मृतांच्या याद्या लिहाव्या लागल्या असत्या.

जमल्यास शिक्षकांनी आपल्या मंडळीची जुनी नोंदवही मुलांना उघडून दाखवावी. बेळगावात, बडोद्यात, इंदुरात आपल्याही देवळांच्या कपाटांत अशा वह्या आहेत. त्यांतल्या एकेका नावामागे कोणी कोणासाठी काय सोसले, हे आज सांगणारी वृद्ध माणसे अजून आहेत, तोवर ते विचारून लिहून ठेवावे. ईमच्या वुड यांनी हेच काम केले, म्हणून रायलीच्या माळावरची ती आई आपल्यापर्यंत पोहोचली.